नऊ नसतात

न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या ज्या घरात मी शिकत असताना दोन वर्षं भाड्याने राहिले, त्या घराच्या मालकांना आम्ही सगळे काका म्हणत असू. काका कशालाही चांगलं किंवा वाईट म्हणत नसत. ते गुण देत.

गुण सहाच होते: एक, तीन, पाच, सात, दहा आणि बारा. मधले आकडे त्यांच्या हिशेबी नव्हतेच. माझ्या पहिल्या खिचडीला पाच मिळाले.

"सहा तरी द्या, काका."

"सहा नसतात."

शहरावरून सतत वाहणाऱ्या वाऱ्याला ते रोज सकाळी दार उघडून गुण देत, बहुतेक सात. दाताच्या डॉक्टरला तीन. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून दिलेल्या फिजोआ फळांना दहा. बारा गुण मी त्या घरात असेपर्यंत कशालाही मिळाले नाहीत. वरच्या खोलीत मुंबईचा एक इंजिनियर राहायचा. त्याला दहा जास्त वाटायचे आणि सात कमी. तो दर वेळी नऊ मागायचा. काका दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "नऊ नसतात." पुढे ते आमचं घरगुती वाक्य झालं. तिसऱ्या आंघोळीला गरम पाणी संपलं, की बाथरूममधून आवाज यायचा, "नऊ नसतात!"

या गुणांमागे एक स्पर्धा होती. पॅसिफिकच्या काठावरचे सात देश पूर्वी काही वर्षं टीव्हीवर गाण्यांची स्पर्धा घेत. प्रत्येक देशाचं एक गाणं. प्रत्येक देशाची ज्यूरी बाकीच्या सहा देशांना गुण देई: एकाला बारा, एकाला दहा, मग सात, पाच, तीन, एक. न्यूझीलंड दर वर्षी उतरला आणि एकदाही जिंकला नाही. काही वर्षांनी स्पर्धा बंद पडली. टेप महाग होत्या, म्हणून त्या पुसून त्यांच्यावर दुसरे कार्यक्रम भरले गेले. नोंद राहिली ती फक्त विजेत्यांची. कोणत्या देशाने कोणाला किती गुण दिले, हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं: काकांच्या वह्यांमध्ये.

काका दुग्धशास्त्र शिकायला शिष्यवृत्तीवर महाराष्ट्रातून आले आणि इथल्याच एका संशोधन संस्थेत चीजवर काम करून निवृत्त झाले. "मी डेअरीत होतो," असं ते सांगत. नव्या विद्यार्थ्यांना वाटे, त्यांचं कोपऱ्यावर दूध-पावाचं दुकान होतं, कारण इथे डेअरी म्हणजे तेच. काका दुरुस्त करत नसत. एका मुलीने त्यांना दुकान का बंद केलं असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "गिऱ्हाइकं सगळी बॅक्टेरिया होती."

वह्यांचे नियम होते. गाणं चालू असताना लिहायचं नाही. गुण जाहीर झाले की लगेच लिहायचे. खोडायचं नाही. आणि बेरीज कधीही वहीत करायची नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"बेरीज डोक्यात करायची. वहीत केली, की माणूस शेवटचा आकडा बघतो आणि वही मिटतो."

ज्यूरींच्या सात रकान्यांच्या उजवीकडे आठवा रकाना असे, त्यावर 'मी' एवढंच लिहिलेलं. त्यात त्यांचे स्वतःचे गुण. ते त्यांनी कधी कोणाला दाखवले नाहीत.

युरोपातली गाण्यांची मोठी स्पर्धा इथे रविवारी सकाळी सात वाजता लागते. त्या दिवशी काका सहाला उठून सर्वांसाठी पोहे करत आणि प्रत्येक भाडेकरूला काही देश वाटून देत. गाणी संपली, की भाडेकरूने आपला फोन घेऊन कपडे धुण्याच्या खोलीत जायचं आणि तिथून बैठकीच्या खोलीत फोन करून एकेका देशाची ज्यूरी म्हणून गुण सांगायचे. आधी "किया ओरा, पामर्स्टन नॉर्थ" असा माओरी नमस्कार करायचा. मग गाण्याबद्दल एक तरी खरं वाक्य बोलायचं. मगच आकडा. इंजिनियर एकदा थेट आकड्यावर आला, तर काकांनी फोन ठेवून दिला. त्याला वॉशिंग मशीनशेजारून पुन्हा फोन करावा लागला.

"तुम्ही घटना समितीवर असायला हवं होतं," तो बाहेर येऊन म्हणाला.

"त्यांच्याकडे वेळ होता. आपल्याकडे वीस देश उरलेत. बस."

वह्या कशासाठी, हे काकांनी एकदाच सांगितलं, आणि तेही पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता. इथला त्यांचा पहिला हिवाळा होता. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि त्यासमोर तीसेक मुलं. काकांशी तोवर फारसं कोणी बोललं नव्हतं. गुण लिहून घेण्यासाठी कागद-पेन्सिल त्यांच्या एकट्याकडे होती, म्हणून मुलांनी त्यांना मध्ये बसवलं. शेवटच्या ज्यूरीचे गुण आले, तसे सगळे त्यांच्याकडे वळले. काकांनी डोक्यात बेरीज केली आणि उभं राहून म्हणाले, "थर्ड. वी आर थर्ड." त्यांना उचलून घेण्यात आलं, त्यात चष्मा मोडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी पत्र लिहिलं: आपण तिसरे आलो. वडिलांचं उत्तर महिन्याने आलं. त्यात शेवटी एक ओळ होती: 'आपण' म्हणजे कोण?

"मग तुम्ही काय लिहिलंत?"

"काही नाही. वही विकत घेतली."

मी पुढे वेलिंग्टनला एका वर्तमानपत्रात लागले. तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की मूळ कागद बघ. काही वर्षांनी मी त्या बंद पडलेल्या स्पर्धेतल्या न्यूझीलंडच्या कामगिरीवर एक मोठा लेख लिहिला. मूळ कागद पाहिला नाही.

पाहण्याची गरज वाटली नाही, कारण सगळे आकडे वेबसाइटवर होते. ती वेबसाइट काकांच्या मुलीने केली होती. ती वेलिंग्टनलाच एका सरकारी खात्यात संगणकाचं काम करते. इथेच जन्मली, मराठी सगळं समजतं, उत्तर बहुधा इंग्रजीत येतं. वडिलांच्या पंचाहत्तरीला तिने त्यांच्या वह्या घेतल्या, रात्री जागून एकेक आकडा टाइप केला, बेरजा मशीनकडून करून घेतल्या आणि वेबसाइट त्यांना भेट दिली. काकांनी तिला दहा गुण दिले आणि ती वेबसाइट कधी उघडली नाही. वह्या घरात होत्या.

वेबसाइटवर, काकांच्या पहिल्या हिवाळ्यातल्या त्या वर्षापुढे, न्यूझीलंड शेवटचा होता. तीस गुण, सातपैकी सातवा. कांदा चिरताना ऐकलेली गोष्ट मला आठवली. आठवणीत माणसं जिंकतात, असा निष्कर्ष मी काढला आणि शेवटचा क्रमांक छापला. सोबत त्या वर्षी न्यूझीलंडचं गाणं गायलेल्या, मूळच्या पामर्स्टन नॉर्थच्या गायिकेचा जुना फोटो दिला. पामर्स्टन नॉर्थच्या लायब्ररीने शहरातल्या संगीताचं प्रदर्शन मांडलं होतं. त्यांनी माझ्या लेखावरून फलक तयार केला. लेख आला तेव्हा काका पुतणीच्या लग्नाला पुण्याला गेले होते.

दोन आठवड्यांनी टौरंगाहून ईमेल आली. ती गायिका आता ऐंशीच्या घरात होती आणि तिथे ज्येष्ठांच्या वसाहतीत राहत होती. मजकूर थोडका होता: मी शेवटची आले नव्हते. तिसरी आले होते. मला फक्त सात आणि पाच मिळाले, दुसरं काही नाही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. तुमच्या लेखानंतर माझी पतवंडं मला 'शेवटच्या नंबरची नॅन', शेवटच्या नंबरची आजी, म्हणतात. ती प्रेमानेच म्हणतात. पण मी आयुष्यभर सगळ्यांना तिसरी म्हणून सांगत आले आहे, आणि आता मी थापाडी ठरले.

मी ती संपादकांना दाखवली. त्यांनी दोनदा वाचली.

"आठवणीवर दुरुस्ती छापता येत नाही," ते म्हणाले. "कागद आण."

काका परत आले त्याच शनिवारी मी पामर्स्टन नॉर्थला निघाले. काकांची मुलगी माझ्याच गाडीत होती. वाटेत ती म्हणाली, "मी दोनदा चेक केलंय. शी इज ओल्ड. माणसं विसरतात." मीही तेच म्हणाले.

काका चहा टाकत होते. मी लेख पुढे ठेवला. त्यांनी शीर्षक वाचलं आणि गॅस बंद केला.

"शेवटचे? कोण म्हणतं?"

"मी."

"तुला कोणी सांगितलं?"

मी त्यांच्या मुलीकडे पाहिलं. ती लॅपटॉप उघडत होती. "बाबा, इट्स लिटरली युअर नोटबुक. मी जस्ट टाइप केलं."

काका आत गेले आणि ती वही घेऊन आले. कव्हर नव्हतं, पण पानं स्वच्छ होती. त्यांनी ती टेबलावर उघडली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. खिडकीकडे बघत मुलीला म्हणाले, "वहीत सगळ्यात खाली जो देश आहे, त्याची ओळ वाच. तुझ्या मशीनवरची."

तिने वाचली. "टेन, फोर, थ्री, थ्री, नाइन, नाइन."

"थांब. शेवटचं काय म्हणालीस?"

"नाइन."

"नऊ नसतात."

"इट सेज नाइन, बाबा."

काकांनी वही तिच्याकडे फिरवली आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"नाइन."

मग वही माझ्याकडे फिरवली. "आणि हे काय आहे?"

"एक," मी म्हणाले.

वहीतले सगळे आकडे देवनागरीत होते. त्या घरात दोन वर्षं राहूनही मला ते माहीत नव्हतं, कारण कोणी वही वाचत नसे. सगळे आकडे ऐकत. काकांच्या मुलीला मराठी बोलायला कोणी शिकवावं लागलं नव्हतं, आणि वाचायला कोणी शिकवलं नव्हतं. तिने जे दिसलं ते टाइप केलं होतं. १ तिला नऊसारखा दिसला. ७ सहासारखा. काकांच्या हातचा ५ चारसारखा. १० आणि १२ तेवढे बरोबर आले, कारण नव्वदच्या घरातले गुण कोणी देत नाही, हे तिलाही कळत होतं. बेरीज वहीत नव्हती, त्यामुळे चूक अडवायला काहीच नव्हतं.

परिणाम सरळ होता. ज्यांना ज्यूरींनी एकेक गुण देऊन तळाला ठेवलं होतं, त्यांना प्रत्येक एकामागे आठ गुण फुकट मिळाले आणि ते वर चढले. न्यूझीलंडला कोणीही एक गुण दिला नव्हता. त्याला मिळाले होते तीन सात आणि तीन पाच. वेबसाइटवर ते तीन सहा आणि तीन चार झाले होते. सगळ्यांनी बऱ्यापैकी पसंत केलेलं गाणं त्यामुळे तळाला गेलं होतं.

"सात त्रिक एकवीस," काका खिडकीकडेच बघत म्हणाले. "पाच त्रिक पंधरा. छत्तीस. वरचे दोन साठीच्या आसपास, खालचे चार एकतीस आणि त्याखाली. आपण तिसरे."

मुलीने आकडे बदलायला घेतले. मी सात ज्यूरींचे बेचाळीस आकडे वहीशी ताडून पाहिले. एका ज्यूरीला सहा आकडे एकेकदाच वापरता येत. वहीत सातही ज्यूरींचा हिशेब बरोबर बसत होता. वेबसाइटवर त्या वर्षापुढे एकही एक नव्हता, एकही पाच नव्हता, एकही सात नव्हता. हे मला लेख लिहिताना दिसायला हवं होतं. नऊ नसतात, हे वाक्य मी दोन वर्षं रोज ऐकलं होतं आणि बाथरूममधून ओरडलंही होतं.

मशीनने न्यूझीलंडला उचलून तिसऱ्या ओळीत ठेवलं. मुलगी पडद्याकडे बघत राहिली. "आय ॲम सो सॉरी, बाबा. मी तुमचा देश शेवटचा केला."

"तुझाही आहे तो," काका म्हणाले. "आणि चूक माझी. बोलायला शिकलीस त्यातच मी खूश झालो. आकडे राहिले." त्यांनी गॅस पुन्हा पेटवला. "यात मला एक गुण."

चहाला त्यांनी सात दिले.

सोमवारी मी वहीच्या पानाचा फोटो संपादकांसमोर ठेवला.

"हे नऊ आहे," ते म्हणाले.

"ते एक आहे."

"आणि हे छातीठोकपणे सांगू शकेल असं या न्यूजरूममध्ये कोण आहे?"

"मी."

"मग लेख लिहिताना का नाही सांगितलंस?"

मी फोटो त्यांच्याकडे आणखी सरकवला. त्यांनी बेचाळीस आकड्यांची तपासणी स्वतः पुन्हा केली. ज्यूरींचा हिशेब जुळवायला मराठी लागत नाही. मग म्हणाले, "लेख जेवढा, दुरुस्ती तेवढी. त्याच पानावर." आमच्याकडे दुरुस्त्या दुसऱ्या पानाच्या तळाशी बोटभर जागेत जातात. ही फोटोसकट गेली. मथळा होता: ती तिसरीच आली होती.

छापण्याआधी मी टौरंगाला फोन करून मजकूर वाचून दाखवला.

"पुन्हा वाच," गायिका म्हणाली.

मी पुन्हा वाचला.

"थांब जरा. तुला स्पीकरवर टाकते. इथे जेवणाच्या हॉलमध्ये सगळे आहेत. आणि हे बघ, 'तिसरी' शब्दाशी आवाज खाली नेऊ नकोस."

मी तिसऱ्यांदा वाचला आणि त्या शब्दाशी आवाज खाली नेला नाही. पुढे काही मिनिटं टाळ्या आणि टेबलांवर चमचे वाजत होते. त्यातून तिचा आवाज आला, "आता म्हणा थापाडी." कोणा पुरुषाने खणखणीत आवाजात "स्वीट ॲज, नॅन," म्हणजे 'झक्कास, आजी', म्हटलेलंही ऐकू आलं.

लायब्ररीने नवा फलक केला आणि तो लावण्यासाठी तिला बोलावलं. ती तीन गाड्या भरून माणसं घेऊन आली. पतवंडं जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून पुस्तकांच्या मांडण्यांमधून धावत होती. त्यांच्या टी-शर्टांवर मोठा 3 छापलेला होता. ती काठी टेकत आली. मी ओळख करून दिली: हे काका, वही यांची.

तिने वही मागितली. मग आपली ओळ दाखवायला सांगितली आणि ती बोटाने चाचपली, सातामागून पाच, पाचामागून सात. उजवीकडच्या आठव्या रकान्याशी तिचं बोट थांबलं.

"ही ज्यूरी कोणाची?"

"माझी," काका म्हणाले.

"किती दिलेत मला?"

आमच्यापैकी कोणीही तो रकाना कधी वाचला नव्हता. काकांची मुलगी माझ्या मागून पुढे वाकली. काकांनी घसा साफ केला. खोटं बोलण्याची ही उत्तम संधी होती. देवनागरी आकडे वाचता येणाऱ्या तिथे त्यांच्याखेरीज आम्ही दोघीच होतो.

"तीन," काका म्हणाले.

"तीन?"

"मधल्या कडव्यात तुम्ही घाई केलीत."

गायिकेने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बँडने घाई केली," ती म्हणाली. "ड्रमरला टॅक्सी पकडायची होती. मी त्याच्या मागे धावले." मग ती काठी माझ्या हातात देऊन प्रदर्शनात मांडलेल्या पियानोच्या कडेला हात टेकून उभी राहिली. "बसा. आज टॅक्सी नाहीये."

तिने ते गाणं गायलं. आवाजाचा वरचा भाग गेला होता, तर तिने ते सूर खाली आणून घेतले. मधल्या कडव्यात ती इतकी सावकाश गेली, की लायब्ररीने साथीला बोलावलेल्या पियानोवादकाला दोनदा थांबून तिच्याकडे बघावं लागलं. पतवंडं पळायची थांबली. लायब्ररीतल्या प्रिंटरने एक पान बाहेर टाकलं. ते घ्यायला कोणी गेलं नाही. शेवटच्या ओळीला हॉस्टेलमधल्या तीस मुलांपैकी हयात असलेली चार म्हातारी माणसं, जी काकांनी फोन करून बोलावली होती, बसल्या जागेवरून गाऊ लागली. शब्द त्यांना पाठ होते. काका गात नव्हते. गाणं चालू असताना ते फक्त ऐकत.

टाळ्या संपायच्या आधी त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, ते तीनवर काट मारणार.

"खोडणार?" मी विचारलं.

"खोडायचं नसतं. ते त्या दिवशीचे तीन आहेत." त्यांनी वहीतलं शेवटचं कोरं पान उघडलं, वर गायिकेचं नाव लिहिलं, खाली एकच रकाना आखला, 'मी', आणि त्यात एक आकडा लिहून वही मुलीच्या हातात दिली.

काकांच्या मुलीने तो आकडा वाचला. तिने त्या महिनाभरात वेबसाइटवरचं प्रत्येक वर्ष वहीशी ताडून पुन्हा टाइप केलं होतं. काम झाल्यावरही देवनागरी आकडे शिकणं चालू ठेवलं होतं, फ्रीजवर तक्ता लावून, शंभरापर्यंत. ती वडिलांकडे वळली. चेहरा अगदी गंभीर होता.

"बाबा," ती म्हणाली, "ब्याण्णव?"